काय अडलं?

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. पुण्यात तेच आणि राज्यातल्या इतर बऱ्याच महापालिकांतही तेच. वॉर्डांची संख्या, आरक्षण, कोर्टातल्या तारखा ही सगळी कारणं पेपरात येऊन गेली आहेत, त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते या काळात ऐकलेल्या एका वाक्याबद्दल. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर, सोसायटीच्या ग्रुपवर, मित्रांच्या गप्पांत, जिथे म्हणून हा विषय निघायचा तिथे कोणीतरी हमखास म्हणायचं, "नगरसेवक नाहीत, तरी काय अडलं? नळाला पाणी येतंय, कचऱ्याची गाडी येतेय. उलट बरंच झालं, मधले खाणारे कमी झाले!"

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते बोलणारी माणसं शहाणी असतात, कर वेळेवर भरतात, आणि त्यांचा अनुभव खोटाही नसतो. शिवाय आम्हा आयटीवाल्यांना हे वाक्य जरा जास्तच पटतं. आमच्या धंद्यात मीटिंग म्हणजे वेळेचा खून असं बाळकडूच पाजलेलं असतं. दोनशेहून जास्त लोक एका सभागृहात बसून गटारावर तीन तास बोलतात, हे ऐकूनच अंगावर काटा येतो. त्यापेक्षा एक हुशार आयएएस अधिकारी, हातात अधिकार, समोर डॅशबोर्ड. झालं काम!

तर या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. मला ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत सापडतं. कारण हाच प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता, तोही चांगल्या हुशार लोकांकडून. आणि नुसता विचारून ते थांबले नाहीत, त्यांनी प्रयोगही करून पाहिले.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६५ मध्ये मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्ड मार्केटवाला. माणूस धडाडीचा होता. रस्ते, बाजार, साफसफाई, सगळीकडे त्याने झपाटा लावला. फक्त पैशाला धरबंध नव्हता, आणि त्याला विचारणारी जी मंडळी कायद्याने नेमली होती, त्यांना विचारायला लागेल अशी यंत्रणाच नव्हती. पालिका कर्जात गेली, करदाते खवळले आणि १८७१ मध्ये मोठं आंदोलन झालं. सगळं शहर क्रॉफर्डच्या नावाने बोटं मोडत असताना एक २६ वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला आणि म्हणाला की दोष या माणसाचा नाही, रचनेचा आहे. करदात्यांनी निवडून दिलेलं सभागृह हवं आणि त्याला जबाबदार असलेला अधिकारी हवा. लोकांना ते तेव्हा अजिबात आवडलं नाही. हा बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की आता 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' करतात, म्हणजे माणसाला न धरता रचनेतली चूक शोधतात. फिरोजशहांनी ते १८७१ मध्ये केलं होतं.

१८७२ मध्ये निवडणुकीचं तत्त्व आलं आणि १८८८ मध्ये तो प्रसिद्ध कायदा झाला, ज्यावर मुंबई महापालिका आजही चालते. (दुरुस्त्या असंख्य, पण पाया तोच. इतकी वर्षं अखंड चालू असलेला दुसरा 'लेगसी कोड' मला माहीत नाही.) या कायद्याच्या मसुद्यावर कायदेमंडळात फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी बरीच झुंज दिली. शेवटी जे ठरलं ते थोडक्यात असं. सभागृह ७२ जणांचं. त्यातले ३६ वॉर्डांतल्या करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडलेले, २ विद्यापीठाचे, २ चेंबर ऑफ कॉमर्सचे आणि १६ सरकारने नेमलेले. अंमलबजावणीचा सगळा अधिकार कमिशनरचा, आणि कमिशनर सरकारने नेमलेला. पण पैसा सभागृहाचा. मध्ये १२ जणांची स्टँडिंग कमिटी, म्हणजे आजची स्थायी समिती. तिने दर आठवड्याला बसायचं आणि ठराविक रकमेवरचं प्रत्येक कंत्राट पास झाल्याशिवाय कमिशनरने सही करायची नाही.

प्रोग्रामर वाचकांसाठी सांगायचं तर कोड लिहिणारा एकच, पण रिव्ह्यू झाल्याशिवाय मर्ज करायची परवानगी त्याला नाही.

आता ही ७२ माणसं करत काय होती? विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत या सभांपुढे येणारे विषय पाहिले तर पहिल्यांदा जांभईच येते. रस्त्यासाठी खडी कोणाकडून घ्यायची. रस्तारेषेत घराचा कोपरा गेला, त्याची भरपाई किती. अमुक गल्लीत गॅसचा दिवा हवा. नळाला मीटर बसवायचा की घरभाड्यावर पाणीपट्टी लावायची. निवृत्त कारकुनाला बक्षिसी द्यायची का. बाजारातल्या गाळ्याचं भाडं. हलालखोर कर, म्हणजे मैला उचलण्यासाठी घरमालकाकडून घ्यायचा कर, आणि घरगल्ल्यांची सफाई कोणाच्या अंगावर. ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध की कडेला, आणि रूळांमधला रस्ता दुरुस्त कोणी करायचा.

यातलं एकही वाक्य इतिहासाच्या पुस्तकात जात नाही. पण गंमत बघा. घोड्याची ट्राम १८७४ पासून होती, विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली, आणि तीच ट्राम आणि वीज कंपनी १९४७ मध्ये महापालिकेच्या ताब्यात आली. बेस्ट ही जी संस्था आहे ती अशा कंटाळवाण्या करारांच्या पोटातून आली. प्लेगनंतरच्या वर्षांत शहराचा कचरा रेल्वेच्या वाघिणींत भरून चेंबूरच्या दलदलीकडे न्यायची व्यवस्था झाली. आजची देवनारची कचराभूमी त्याच निर्णयाची वंशज आहे. कोणीतरी एका दुपारी हात वर केला आणि शंभर वर्षांनंतरची एक वस्ती त्या धुरात खोकतेय. म्हणजे सभेतला विषय कंटाळवाणा होता, परिणाम मात्र तसा नव्हता.

एक विहिरींचं प्रकरण तर मला फारच आवडतं. मुंबईत, खास करून फोर्ट भागात, मलेरिया फार होता. डॉ. बेंटली यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये अहवाल आला. घराघरांतल्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात, त्या बुजवा किंवा झाका, असा त्याचा सारांश. शास्त्र बरोबर होतं. अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या. आणि पालिकेकडे अर्जांचा पाऊस पडला! कोणाच्या विहिरीत देवाचा वास, कोणाला पूजेसाठी वाहतं किंवा विहिरीचंच पाणी लागतं, कोणाला विहीर बुजवली तर घरातलं माणूस दगावेल अशी भीती. यात हिंदू होते, पारशी होते. रुस्तम मसानी हे तेव्हा पालिकेच्या नोकरीत होते, पुढे ते पहिले भारतीय म्युनिसिपल कमिशनर झाले. या अर्जांतून त्यांना इतकी सामग्री मिळाली की त्यांनी विहिरींच्या लोककथांवर अख्खं पुस्तक लिहिलं, १९१८ साली. आणि तोडगा काय निघाला? जिथे धार्मिक कारण आहे तिथे विहीर झाका, पण झाकणाला जाळीचा छोटा दरवाजा ठेवा. डासही आत जाणार नाही आणि देवही बाहेर राहणार नाही.

हा तोडगा अहवालात नव्हता आणि नुसता अहवाल वाचून तो सुचलाही नसता. ज्यांच्या अंगणात विहीर आहे त्यांचं ऐकून घेणारं कोणीतरी लागतं, आणि ते ऐकायची ज्याला सक्ती आहे असं कोणीतरी लागतं.

असो. आता त्या प्रयोगांकडे वळू.

पहिला प्रयोग प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत एका डॉक्टरला संशयास्पद तापाचे रोगी दिसले. डॉ. अकासिओ व्हिएगस, मूळचे गोव्याचे. ते स्वतः स्टँडिंग कमिटीचे सभासद होते आणि त्यांनी ही गोष्ट थेट कमिटीच्या बैठकीत मांडली. मुंबईत प्लेग आलाय हे शहराला कळलं ते असं, एका साप्ताहिक मीटिंगमध्ये. (त्यांचा पुतळा धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर आहे. हजारो लोक रोज त्याला वळसा घालून जातात.) पण पुढे रोग हाताबाहेर गेला, शहरातून माणसं पळायला लागली, आणि मार्च १८९७ मध्ये सरकारने प्लेगचा कारभार पालिकेकडून काढून ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे दिला. लष्करी शिस्त, घरोघर झडत्या, रुग्ण उचलून इस्पितळात. वेग भरपूर होता. पण वर्षभरात, मार्च १८९८ मध्ये, अशाच एका तपासणीवरून शहरात दंगल उसळली. त्यानंतर सरकारने धोरण मऊ केलं आणि ज्या त्या जातीजमातीच्या पुढाऱ्यांना आणि डॉक्टरांना विश्वासात घ्यायला सुरुवात केली. म्हणजे जे ऐकून घेणं टाळून वेळ वाचवला होता, ते शेवटी करावंच लागलं, आणि मधल्या काळात रक्त सांडलं.

दुसरा प्रयोग इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९८ मध्येच सरकारने ठरवलं की गलिच्छ वस्त्या हटवणं, रस्ते रुंद करणं आणि नवी उपनगरं वसवणं हे या वादावादी करणाऱ्या सभागृहाच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून वेगळं मंडळ काढलं. त्यात पालिकेने निवडलेले सभासद अगदी थोडे, बाकी सरकारी आणि इतर. पैशाचा वाटा मात्र पालिकेने द्यायचा. ट्रस्टने कामं केली, हे कबूल करायला हवं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी हे सगळं ट्रस्टचं. आजही मुंबईत मोकळा श्वास घेता येतो अशा जागांत दादर-माटुंगा येतं ते त्यामुळेच.

पण ज्या चाळी पाडल्या त्यातली माणसं कुठे गेली? सुरुवातीच्या काळात पाडणं पुढे आणि बांधणं मागे असा प्रकार झाला. ज्यांची खोली गेली ते बाजूच्या चाळीत अधिक दाटीने राहायला लागले. गलिच्छ वस्ती हटली नाही, सरकली. पुढे ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या, त्याच त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून वीसेक वर्षं राहिले. त्यांच्यासारखा माणूस ज्या छोट्या खोल्यांत राहून अभ्यास करत होता, त्या खोल्यांचा आराखडा ठरवताना तिथे राहणाऱ्यांपैकी कोणीही त्या टेबलाशी नव्हतं. शेवटी १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेतच विलीन झाला. पस्तीस वर्षं वेगळा संसार करून घरी परत.

तिसरा प्रयोग जरा राजकीय. १९०७ ची निवडणूक. फिरोजशहांचा सभागृहावरचा प्रभाव अधिकाऱ्यांना खुपत होता. मग अकाउंटंट जनरल हॅरिसन, टाइम्सचे संपादक लोव्हॅट फ्रेझर, पोलीस कमिशनर आणि कलेक्टर अशा मंडळींनी मिळून जस्टिसांच्या १६ जागांसाठी १६ नावांची यादी बनवली आणि फक्त तिलाच मतं द्यायची मोहीम चालवली. इतिहासात हे 'कॉकस' म्हणून प्रसिद्ध आहे. कारण तेच, एका माणसाची हुकमत मोडायची आणि कारभार कार्यक्षम करायचा. यादी जिंकली. फिरोजशहा सतराव्या क्रमांकावर आले! शहरात संताप उसळला. पुढे निवडून आलेल्या एकाची निवड रद्द ठरली आणि फिरोजशहा सभागृहात परत आले. १९१५ मध्ये वारले तोपर्यंत ते तिथे होते.

याच १९०७ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिच्यावर कोणी नाटक लिहिणार नाही. पोलिसांचा खर्च पालिकेच्या डोक्यावर होता, ज्या पोलिसांवर तिची काडीची सत्ता नव्हती. तो खर्च सरकारने घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय सेवा पालिकेने घेतली. या अदलाबदलीसाठी किती वर्षांची पत्रापत्री आणि किती रटाळ भाषणं झाली असतील! पण केईएमच्या रांगेत उभं असलेल्या माणसाला त्या भाषणांचं काहीतरी देणं लागतंच.

इथे कोणी म्हणेल, छान, म्हणजे सभागृह चांगलं आणि साहेब वाईट. नाही हो, एवढं सोपं नाही.

हे सभागृह कोणाचं होतं ते विसरून चालणार नाही. मत होतं ते मुख्यतः ठराविक कर भरणाऱ्यांना. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती, १९११ मध्ये पावणेदहा लाखांच्या वर गेली, आणि यातली बहुसंख्य माणसं एका खोलीत भाड्याने राहणारी. त्यांना मत नाही. सभागृहात घरमालक, व्यापारी, वकील, डॉक्टर. त्यामुळे जिथे घरमालकाच्या खिशाला हात लागेल तिथे चर्चा लांबायची. घरगल्ली रुंद करा, खोलीला खिडकी सोडा, मोऱ्या नीट बांधा, या गोष्टींना पाय फुटत नसत. प्लेग ज्या चाळींत पसरला त्या कोणाच्या मालकीच्या होत्या? अधिकारी जेव्हा म्हणायचे की हे लोक स्वतःच्या भाड्यासाठी शहर आजारी ठेवतात, तेव्हा ते अगदीच खोटं बोलत नव्हते. आणि ज्यांच्या डोक्यावरून मैला वाहिला जायचा त्यांचा तर सभागृहाशी संबंध फक्त पगारापुरता.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. सभागृहाची चूक ही होती की त्यात पुरेशी माणसं नव्हती. सरकारने त्यावर जो उपाय केला तो होती तीही कमी करण्याचा. आजाराचं निदान बरोबर, औषध उलटं.

खरा उपाय हळूहळू आणि भांडूनच आला. १९२२ च्या सुधारणेने भाडेकरूंना मत मिळालं. १९२० च्या दशकात बायका सभागृहात आल्या. सरोजिनी नायडू होत्या, अवंतिकाबाई गोखले होत्या. आणि १९४८ मध्ये प्रौढ मतदानावर पहिली निवडणूक झाली, म्हणजे चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या, एक पैसाही घरपट्टी न भरणाऱ्या माणसाचं मत मलबार हिलच्या मताएवढं झालं. मीटिंग आणखी लांबल्या असणार, आवाज वाढला असणार, आणि टक्केवारीचे किस्सेही वाढले असतील. पण खोली मोठी झाली.

माझ्या आधीच्या एका कंपनीत रिलीजची तारीख जवळ आली म्हणून एक रिव्ह्यू मीटिंग रद्द झाली होती. मॅनेजर खूष, आम्ही खूष, दोन तास वाचले. बिलावरचा तारखेचा क्रम बदलला होता, महिना आधी आणि दिवस नंतर. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण महिन्याच्या बारा तारखेपर्यंत दोन्ही प्रकारे तारीख खरीच वाटते. त्या रिव्ह्यूला सपोर्टमधली एक मुलगी बसायची. तिला कोडमधलं काही कळत नव्हतं, पण बिल हातात घेऊन फोन करणारी गिऱ्हाईकं रोज तिच्याच डोक्यावर होती. ती असती तर पहिल्या मिनिटाला बोलली असती. त्या तीन आठवड्यांत आमचं काहीही अडलं नव्हतं. सिस्टिम हिरवीगार होती.

'काय अडलं' या प्रश्नात हीच अडचण आहे. पाणी आणि कचऱ्याची गाडी हे चालू असलेल्या यंत्राचं काम आहे. यंत्र काही दिवस, काही वर्षंही आपोआप चालतं. तानसाचं धरण १८९२ चं आहे, त्याला नगरसेवक आहेत की नाहीत हे कळत नाही. सभागृह नसल्याने जे अडतं ते आज दिसत नाही. न विचारलेला प्रश्न दिसत नाही, न घेतलेली हरकत दिसत नाही, आणि जाळीचा दरवाजा कोणी सुचवलाच नाही तर फक्त बुजलेली विहीर दिसते.

आपल्या काळाचंच घ्या. मुंबई महापालिकेचा २०२३-२४ चा अर्थसंकल्प ५२ हजार ६१९ कोटींचा होता, २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा. दोन वर्षांत एवढी उडी! कारणं असतील, चांगलीही असतील. पण या काळात अर्थसंकल्प मांडणारा आयुक्त आणि तो मंजूर करणारा प्रशासक ही एकच व्यक्ती होती. स्वतःच लिहिलेला कोड स्वतःच रिव्ह्यू करून स्वतःच मर्ज. आमच्याकडे कोणी असं केलं तर ऑडिटवाले त्याला नीट झोपू देणार नाहीत. इथे तर १८८८ च्या कायद्याने मुद्दाम दोन हात वेगळे केले होते. तेही परक्या सरकारच्या काळात, जेव्हा सभागृहात १६ माणसं थेट सरकारची असायची.

आणि 'खाणारे कमी झाले' याबद्दल. नगरसेवक खातात हे आपल्याला कळतं कुठून? बऱ्याचदा दुसरा नगरसेवक सभागृहात ओरडतो म्हणून. ओरडणारा बंद झाला की खाणं बंद झालं असं समजणं म्हणजे लॉग फाइल बंद करून एरर संपल्या म्हणण्यासारखं आहे.

मला त्या काळातली आणखी एक गोष्ट राहून राहून जाणवते. फिरोजशहा १८९० मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर नाव. तरी चाळीसेक वर्षं ते या खडी-गटाराच्या सभांना येत राहिले. गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात देशाच्या अर्थसंकल्पावर बोलायचे आणि त्याच काळात पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. वल्लभभाई अहमदाबादच्या पालिकेत १९१७ ला शिरले आणि १९२४ ला अध्यक्ष झाले. नेहरू अलाहाबादच्या पालिकेचे अध्यक्ष होते. या लोकांना दुसरी कामं नव्हती असं थोडंच आहे? त्यांना पालिकेत बसणं कमीपणाचं वाटत नव्हतं. आज आमच्या पिढीतला हुशार माणूस लोकशाहीवर पानभर लिहितो, अमेरिकेच्या निवडणुकीतली राज्यं त्याला तोंडपाठ असतात, आणि स्वतःचा वॉर्ड क्रमांक विचारला की गुगल करतो.

आणि हो, १८७१ मधला फिरोजशहा २६ वर्षांचा होता. परदेशात शिकून आलेला, इंग्रजी उत्तम, करिअर जोरात सुरू होणार अशा बेतात. थोडक्यात तुमच्यासारखाच. त्याने शहराकडे पाहून 'सिस्टिमच खराब आहे' असं म्हटलं, यात काही विशेष नाही, तेवढं आपण सगळेच म्हणतो. त्यानंतर पुढची ४४ वर्षं तो त्या सिस्टिमच्या मीटिंगला बसला.

सगळ्यांनी निवडणूक लढवा असं म्हणायचा भाबडेपणा मी करणार नाही. पण काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. अर्थसंकल्प पालिकेच्या साइटवर असतो, त्यातलं आपल्या वॉर्डाचं पान उघडून वाचता येतं. एक्सेलमध्ये आयुष्य घालवणाऱ्यांना त्याची भीती वाटायचं कारण नाही. आपल्या भागातल्या एका, फक्त एका कामाचं टेंडर कितीला गेलं आणि काम झालं का, हे वर्षभर धरून ठेवता येतं. नगरसेवकाला लग्नाची आमंत्रणपत्रिका आणि गणपतीची वर्गणी याशिवाय तिसऱ्या कारणासाठी भेटता येतं. त्याला विचारा, गेल्या सहा महिन्यांत सभागृहात तुम्ही कोणते प्रश्न विचारलेत? पहिल्यांदा तो चमकेल. चार जणांनी विचारलं की उत्तर तयार ठेवेल. दहा जणांनी विचारलं तर कदाचित प्रश्नही विचारेल.

हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. पण शहराचं काम मुळातच कंटाळवाणं असतं. ते कोणीतरी करतंच. आपण त्या खोलीत नसलो तर आपल्याशिवाय करतं.